मतदार यादीतली दुबार नावं: तुमचे प्रश्न

प्रश्न: राम राम भाऊ. नगरपरिषदेच्या यादीत माह्या नावापुढं डबल स्टार आला. आमच्या इथं माह्याच नावाचा आणखी एक जण हाय, त्याच्या बापाचं नावबी तेच अन आडनाव तर अर्ध्या वस्तीचं तेच. मतदानाच्या दिवशी मले केंद्रावर लिहून द्या लागलं. आता माह्यं नाव कटते काय?
– एक वाचक, रिसोड, जि. वाशीम

उत्तर: नाही भाऊ, स्टार म्हणजे नाव कटलं असं नाही. 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगानं ज्यांची नोंद दुबार असू शकते त्यांच्या नावापुढं डबल स्टार टाकला, म्हणजे केंद्रावरच्या लोकांनी त्यांना विचारावं आणि दुसरीकडं मत देणार नाही असं लिहून घ्यावं. असू शकते, एवढंच. पण गावात लगेच बोंब उठते की फलाणा बोगस मतदार निघाला, आणि सरळ माणसाला चौकात मान खाली घालावी लागते, याचा मला खरंच राग येतो.

होते कसं ते पहा. कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही, तो नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय, लिंग असे रकाने जुळवतो. आता आपल्याकडं आज्याचं नाव नातवाले ठेवतात, त्यामुळं चुलत भावांची नावं सारखी, आणि जन्मतारीख तर मास्तरनं शाळेत नाव घालतानी 1 जून नाहीतर 1 जुलै अशी अंदाजानं टाकून दिलेली. मग तुम्ही आणि ते दुसरे गृहस्थ कॉम्प्युटरसाठी एकच झाले ना! आणि याच्या उलटंही होते, एकाच माणसाचं आडनाव एका यादीत वानखडे, दुसरीत वानखेडे, की झालं, खरी दुबार नोंद सुटून जाते. म्हणून कॉम्प्युटरनं संशय दाखवावा, पण बीएलओनं, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, घरी जाऊन, यादीतला फोटो आणि समोरचा माणूस दोन्ही पाहिल्याशिवाय कोणाचं नाव कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही काय करायचं? नगरपरिषदेत भांडून उपयोग नाही, कारण राज्य आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागात तोडतो, त्यामुळं दुरुस्ती विधानसभेच्या यादीतच करावी लागते. तुम्ही दोघं सोबतच बीएलओकडं जा, दोघांची कार्डं, आधार, शाळेचा दाखला घेऊन. ज्याचा फोटो काळा पडला असेल किंवा तारीख चुकली असेल त्यानं फॉर्म 8 भरून दुरुस्त करून घ्यावं. नाव कापायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं कायद्यानं भाग आहे, तर नोटीस आली की ती घडी करून कपाटात ठेवू नका, तारखेला हजर व्हा. तरीही कापलंच तर 15 दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येते.

प्रश्न: माझ्या कार्डाचा नंबर आणि दुसऱ्या राज्यातल्या एका बाईच्या कार्डाचा नंबर सेम आहे असं पोरानं मोबाईलवर दाखवलं. मग माझं मत तिकडं कोणी टाकेल का?
– आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: नाही. पूर्वी राज्यं आपापल्या हिशोबानं नंबर द्यायची, त्यात काही सिरीज दोन राज्यांत सारख्याच वापरल्या गेल्या. मार्च 2025 मध्ये भारत निवडणूक आयोगानं, म्हणजे दिल्लीच्या आयोगानं, हे मान्य केलं आणि असे नंबर बदलून द्यायचं ठरवलं. मत तुमच्या बूथवरच्या यादीत नाव असलं तरच देता येते, नुसत्या नंबरावर नाही. तहसीलमध्ये जाऊन नवीन नंबर मागा.

प्रश्न: माझं माहेर अर्जुनी मोरगाव, सासर कुरखेडा. लग्नानंतर सासरी नवीन फॉर्म भरून दिला, माहेरचं नाव तसंच राहिलं. मामंजी म्हणतात जेल होईल. खरं काय ताई?
– कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर: बाई, आधी घाबरणं सोडा. आपल्या भागात लेकींची नावं पुष्कळदा दुबार होतात, कारण लग्नानंतर मधलं नाव, आडनाव आणि कुठं कुठं तर पहिलं नावही बदलते, मग कॉम्प्युटरनं जुळवावं तरी काय? जन्मतारीख आणि फोटो उरतो, आणि फोटो बारावीतला.

कायदा मात्र स्पष्ट आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 17 प्रमाणं दोन मतदारसंघांत नाव चालत नाही, आणि कलम 31 प्रमाणं फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड. एकाच निवडणुकीत दोन्हीकडं मत दिलं तर दोन्ही मतं बाद. तुमचं चुकलं ते एवढंच की फॉर्म 6 हा पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी असतो, जागा बदलली की फॉर्म 8 भरायचा, म्हणजे जुनी नोंद तिकडून निघते आणि कार्डाचा नंबर तोच राहते. हेच चाकणला, बुटीबोरीला कामाले गेलेल्या पोरांचं होते, त्यांनाही सांगा.

आता माहेरच्या नावासाठी स्वतःच फॉर्म 7 भरा, आधीच दुसरीकडं नोंद आहे हे कारण टाका, ऑनलाइन जमत नसेल तर माहेरच्या बीएलओकडं द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. जुनं कार्डही सोबत जमा करा. महिनाभरानं 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करून माहेरचं नाव निघालं का ते विचारा.