झाकण लागत नाही, तर पीएसपी बिघडला का?

प्रश्न : माझा भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होता. आता तो कायमचा घरी आलाय. चवथीच्या साफसफाईत त्याच्या पेटीत सोनीचे दोन पीएसपी (हातात धरून व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं) सापडले, दोन्ही काळे, एक जरा जाड, एक बारीक. भाऊ म्हणतो, दोन्ही एकच. बारीकची बॅटरी मेली होती म्हणून जाड्याची काढून त्यात घातली. यंत्र चालू झालं, पण मागचं झाकण बसत नाही. माझ्या १३ वर्षांच्या मुलाने वर चिकटपट्टी मारून खेळायला सुरुवातही केली. काही बिघडलंय का? आणि दोहोंतला ठेवावा कुठला?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, चिकटपट्टी आधी काढा. बॅटरी बाहेर घेऊन सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगलीय. मग ती पुन्हा घालू नका, दाबू नका, टोचू नका, मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. इतकी वर्षं आपल्या दमट हवेत पेटीत पडलेल्या बॅटरीवर माझा भरवसा नाही.

टेबलाला सपाट बसली, तर मात्र काहीच बिघडलेलं नाही. झाकण न लागणं हाच तुमच्या भावाला जबाब आहे! जाडा म्हणजे २००४ साली जपानात आलेला पहिला, १००० मालिकेचा. बारीक २००७ चा, २००० मालिकेचा. खात्री हवी तर बॅटरीच्या खाचेतलं लेबल वाचा. पहिल्याची जाडी २३ मिलिमीटर, दुसऱ्याची १८.६. वजन २८० ग्रॅमवरून १८९ वर आलं. ही काटछाट करताना बॅटरीची क्षमताही १८०० वरून १२०० मिलिअँपिअर-तासांवर आणली. जोडणी दोन्हीकडे सारखी, म्हणून तुमचं यंत्र चालू झालं. बॅटरीची जाडी वेगळी, म्हणून झाकण अडलं.

म्हापशाला माझं दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा एक गिऱ्हाईक हेच घेऊन आलं होतं. म्हणे, झाकण आतून तासून द्या. कानस घेऊन मी ते कितीसं तासणार? झाकणच पातळ, चार वेळा घासलं की आरपार. मोठ्या बॅटरीसाठी पोट काढलेलं वेगळं झाकण मिळायचं, ते घ्या म्हटलं, तर गेला रागावून.

आता तुमचा भाऊ अर्धा बरोबर कुठे, तेही सांगतो. पडदा दोन्हींचा ४.३ इंची, त्यावरचे ठिपके तेवढेच, खेळांच्या चकत्याही त्याच चालतात. फरक आत आहे. पहिल्यात ३२ मेगाबाइट रॅम (चालू कामापुरती साठवणीची जागा) होती, दुसऱ्यात ६४. वाढीव जागेत यंत्र चकतीवरचा पुढचा मजकूर आधीच आणून ठेवतं, त्यामुळे काही खेळांत 'लोडिंग'ची ताटकळ कमी होते. हा फरक हातात धरून कळत नाही, एकच चकती दोन्हींत घालून घड्याळ लावलं की कळतो. मुलाला लावा या कामाला, तेवढीच सुट्टी सत्कारणी.

बारीक पीएसपी यूएसबीच्या वायरीवरही चार्ज होतो, जाड्याला त्याचा चार्जरच लागतो. बारीकला टीव्हीची वायर जोडता येते, पण त्याची फार हौस करू नका. खेळ दाखवायला कंपोनंट वायरच लागते आणि चित्र काळ्या पट्ट्यांच्या मधोमध लहानसं दिसतं. इन्फ्रारेडची खिडकी दुसऱ्यात काढून टाकली. तिच्यासाठी रडलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. वाय-फाय मात्र दोन्हींचं जुनं. घरच्या राउटरला डब्ल्यूपीए-२ (वाय-फायच्या सुरक्षेचा एक प्रकार) लावलेलं असेल तर जोडलं जाणार नाही. मुलगा 'खराब झालं' म्हणेल, तेव्हा लक्षात असू द्या.

एका बाबतीत मी जाड्याच्या बाजूचा. त्याच्या चकतीच्या दाराला खिट्टी आहे, सरकवली की दार टपकन उघडतं. बारीकचं दार नखाने ओढावं लागतं. आणि माझ्या पंजाला जाडाच बरा बसतो, बारीक धरला की करंगळ्या हवेत. पण खेळायचं तुमच्या मुलाला आहे, आणि तासभर हातात धरायला ९१ ग्रॅम कमी म्हणजे बराच फरक. त्याला बारीक द्या. त्याच्यासाठी १२०० ची नवी बॅटरी बघा. ती येईपर्यंत बॅटरी न घालता नुसत्या चार्जरवरही यंत्र चालतं, फक्त वायरीला पाय अडकू देऊ नका, ओढली की खेळ बंद.

जाडा मामाकडेच राहू द्या, बॅटरी बाहेर काढून.