‘बुधन’ नाटकामागे कोण उभे होते?

आदिवासी किंवा विमुक्त समाजाचे स्वतःचे नाटक उभे राहते तेव्हा त्यामागे कोण कलावंत आणि तंत्रज्ञ असतात, बाहेरच्या जाणकारांना बोलवावे लागते का, आणि बोलावले तर त्यांनी कुठवर लक्ष घालावे, असे आपण विचारले आहे. नंदुरबार भागात भिल्ल मुलामुलींना घेऊन नाटक बसवण्याचा आपल्या संस्थेचा विचार आहे, असेही आपण लिहिले आहे. मी बरीच वर्षे प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना आणि रंगमंच व्यवस्था पाहतो, त्यामुळे पडद्यामागच्या माणसांविषयीचा हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर देण्याऐवजी मी अहमदाबादच्या बुधन थिएटर या नाट्यगटाचे ‘बुधन’ हे एकच नाटक समोर ठेवतो. ते कोणी केले हे नीट पाहिले की आपल्या बहुतेक शंकांची उत्तरे मिळतात.

ज्याच्या मृत्यूवर हे नाटक आहे तो बुधन शबर हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील खेडिया शबर या आदिवासी जमातीचा तरुण होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो पत्नी श्यामलीसह जात असताना वाटेत पानाच्या टपरीपाशी थांबला आणि तेथूनच पोलिसांनी त्याला उचलले. काही दिवसांनी कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि त्याने गळफास घेतल्याचे सांगण्यात आले. शबरांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मृतदेह जाळला की पुरावाही जाईल, हे ओळखून त्यांनी तो झोपडीतच पुरून ठेवला आणि अंत्यसंस्कार झाल्याचा देखावा उभा केला. पुढे पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली, मृतदेहाची पुन्हा तपासणी झाली, आणि न्यायमूर्ती रुमा पाल यांनी नुकसानभरपाईचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. बंगाली लेखिका महाश्वेतादेवी या समितीच्या कामात वर्षानुवर्षे गुंतलेल्या होत्या. ‘बुधन’च्या कलावंतांची आणि साहाय्यकांची यादी करायची झाली, तर माझ्या मते पहिली नावे या शबरांची यायला हवीत. नाटकाचा गाभा त्यांनी जिवाच्या कराराने जपून ठेवला होता. त्यांनी तो मृतदेह राखला नसता, तर न्यायालयापुढे पुरावा आला नसता आणि संहितेलाही आधार राहिला नसता.

हे नाटक मात्र शबरांनी केले नाही. ते केले अहमदाबादेतील छारानगरच्या तरुणांनी, आणि हे बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. छारा हा विमुक्त समाज आहे. गुजरातमध्ये तो अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. महाराष्ट्रात कंजारभाट म्हणून ओळखला जाणारा समाज त्याचा भाऊबंद आहे, आणि घरात भांतू ही बोली बोलणाऱ्या माणसांचे हे नाते अहमदाबादपासून पुणे-कोल्हापूरपर्यंत पसरलेले आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला आणि पुढे त्यांना तारांच्या कुंपणात डांबले; सोलापूरची वसाहत आपल्याकडे अजूनही लोकांच्या आठवणीत आहे. अहमदाबादच्या अशाच वसाहतीतून छारानगर वाढले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, तरी पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेतला शिक्का गेला नाही. पुरुलियातील एका शबराची गोष्ट छारा मुलांना परकी वाटली नाही, कारण पोलीस रात्री दारावर लाठी आपटतात म्हणजे काय होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

१९९८ च्या सुमारास महाश्वेतादेवी आणि डॉ. गणेश देवी छारानगरात गेले. डॉ. देवी मूळचे आपल्या भोरचे. बडोद्यात त्यांनी भाषा संशोधन केंद्र उभारले होते. त्याच काळात या दोघांनी ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक कृतिगट स्थापन केला. तुम्हाला काय हवे, असे त्यांनी छारानगरातल्या तरुणांना विचारले, तेव्हा तरुणांनी ग्रंथालय मागितले. ते एका लहानशा खोलीत सुरू झाले आणि तीच पुढे तालमीची जागा झाली. नाट्यगृह, प्रकाशयंत्रणा किंवा वेशभूषेचा संच यांपैकी काहीही नसताना या गटाकडे पुस्तकांची एक खोली होती, आणि नाट्यसंस्था म्हणून त्यांचे जे काही घडले ते तिथे बसून वाचण्याबोलण्यातून घडले, असे मला वाटते. आपल्या संस्थेने मुलांसाठी पहिला खर्च कशावर करावा, हे ठरवताना याचा जरूर विचार करावा.

डॉ. देवी ‘बुधन’ या नावाचे एक नियतकालिक काढत आणि त्यात या खटल्याची हकीकत छापून आली होती. तिच्या आधारे दक्षिण बजरंगे या छारानगरच्याच तरुणाने नाटक लिहिले, बसवले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्तीच्या दिवशी, छारानगरात त्याचा पहिला प्रयोग झाला. लेखक तिथलाच, दिग्दर्शक तिथलाच, नट-नट्या तिथल्याच आणि समोर बसलेले पहिले प्रेक्षकही त्यांचेच आईबाप. पुरुलियाहून कागद आले, कोलकात्याहून निकाल आला, बडोद्याहून पाठबळ आले. पण कोणता प्रसंग ठेवायचा, कोणता गाळायचा आणि बुधनने मार खाताना ओरडायचे की गप्प राहायचे, हे ठरवण्याचा अधिकार छारानगरातच राहिला. नाटक कोणाचे आहे, हे मी याच कसोटीवर ठरवतो. श्रेयनामावलीत समाजातली किती नावे आहेत हे मोजून भागत नाही. तालमीत ‘हे असे नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, ते विचारावे लागते.

आता माझ्या कामाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण ‘बुधन’सारख्या नाटकाला तंत्रज्ञ लागतच नाहीत, हा समज मी अनेकदा ऐकला आहे. नाटक हिंदीत आहे, नेपथ्य जवळजवळ नाही, चौकात, मैदानात किंवा एखाद्या सभागृहाच्या मोकळ्या जमिनीवर ते करता येते. परंतु दिवे नसले म्हणून प्रकाशयोजनेचे काम संपत नाही, ते नटांच्या अंगावर पडते. प्रेक्षक तीन-चार बाजूंनी बसलेले असताना त्यांची नजर श्यामलीकडे वळवायची असेल, तर बाकीच्या सहा-सात जणांनी एकाच श्वासात तिच्याकडे वळून थांबावे लागते. कोठडी उभी करायची तर त्याच शरीरांची भिंत करावी लागते आणि पुढच्या क्षणी ती मोडून न्यायालय करावे लागते. मारहाणीचा प्रसंग तर सर्वांत अवघड. लाठी अंगापासून वीतभर अलीकडे थांबते, आवाज दुसराच नट जमिनीवर पाय आपटून देतो, आणि मार खाणाऱ्याने त्या आवाजाच्या आधी नव्हे, नंतरही नव्हे, नेमके त्याच क्षणी अंग टाकायचे असते. हा मेळ निमिषभर चुकला तर मागच्या रांगेत हसू फुटते आणि सगळा प्रसंग वाया जातो. जे काम नाट्यगृहात ध्वनिसंयोजक, प्रकाशयोजनाकार आणि रंगमंच व्यवस्थापक मिळून करतात, ते येथे प्रत्येक नट दुसऱ्यासाठी करत असतो. त्यामुळे अशा संघात ‘कलावंत’ आणि ‘साहाय्यक’ अशी रेघ ओढणे मला चुकीचे वाटते.

या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. पोलिसाची भूमिका करणारा मुलगाही छाराच असतो. ज्याची भीती लहानपणापासून मनात बसली आहे त्याच माणसाची चाल, शिवी आणि हातातली लाठी त्याला अंगावर घ्यावी लागते आणि समोर आपल्याच गल्लीतल्या मित्राला मारण्याचा अभिनय करावा लागतो. अभिनयाच्या शाळेत व्यक्तिरेखेत शिरण्याविषयी पुष्कळ शिकवतात, पण अशा भूमिकेतून प्रयोगानंतर बाहेर कसे यायचे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आपण भिल्ल मुलांबरोबर वनखात्याच्या किंवा सावकाराच्या जाचावर नाटक करणार असाल, तर हा विषय तालमीच्या पहिल्या आठवड्यातच निघेल. तालीम संपल्यावर शांतपणे बोलत बसायला वेळ ठेवा आणि समाजातले एखादे वडीलधारे माणूस तेव्हा तिथे असू द्या.

‘बुधन’नंतर हा गट थांबला नाही. बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा १९९८ मध्येच पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. त्यावर त्यांनी ‘पिन्या हरी काळे की मौत’ हे नाटक केले. मृत्यू महाराष्ट्रातला, माणूस आपल्याकडचा, आणि नाटक अहमदाबादच्या मुलामुलींनी हिंदीत केले, याची मराठी नाट्यकर्मी म्हणून मला खंत आहे. पारध्यांच्या पालावर पोलीस येतात तेव्हा काय होते, हे सांगणारी माणसे आपल्या गावाशेजारीच राहतात; त्यांच्यापर्यंत आपण नाटकवाले पुरेसे गेलो नाही.

या गटातून पुढे आलेल्या माणसांकडेही पाहावे. आलोक गागडेकर राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, कल्पना गागडेकर यांनी गुजराती चित्रपटांत नाव मिळवले, रॉक्सी गागडेकर पत्रकार झाले. दक्षिण बजरंगे यांनी लीड्स विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतले आणि २०१७ मध्ये ‘समीर’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. मुलगी रंगमंचावर उभी राहणे हे अनेक घरांत आजही सोपे नाही, म्हणून या यादीतले कल्पनाताईंचे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते.

बाहेरच्यांनी कुठवर लक्ष घालावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर महाश्वेतादेवी आणि डॉ. देवी यांच्या वागण्यात सापडते. एकीकडे ज्ञानपीठविजेत्या लेखिका आणि दुसरीकडे इंग्रजीचे नामवंत प्राध्यापक. संहिता आपणच लिहून देऊ, असे त्यांनी म्हटले असते तर छारानगरात कोणी विरोध केला नसता. त्यांनी ग्रंथालय दिले, माहिती दिली, देशभरच्या लोकांशी गाठ घालून दिली आणि रंगमंच मोकळा सोडला.

मोठ्या सरकारी संस्थेतही हेच तत्त्व पाळता येते. कॅनडाच्या ओटावा येथील नॅशनल आर्ट्स सेंटरने तेथील मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र नाट्यविभाग काढला आणि २०१९ मध्ये त्याचा पहिला नाट्यहंगाम झाला. विभागाचे पहिले कलासंचालक केव्हिन लोरिंग, आरंभीच्या नाटकाच्या लेखिका मारी क्लेमेंट्स आणि दिग्दर्शिका म्युरिएल मिगेल हे तिघेही मूळ रहिवासी समाजांतले. नाटकाचा विषय होता व्हँकुव्हरमध्ये मारल्या गेलेल्या मूळ रहिवासी स्त्रिया. तेथे सुसज्ज रंगमंच होता, पगारी तंत्रज्ञ होते, छारानगरात यातले काहीच नव्हते. निर्णय मात्र दोन्हीकडे समाजातल्या माणसांच्या हाती होता.

आता नंदुरबारविषयी. त्या भागात सोंगाड्या पार्ट्यांची परंपरा आहे. रात्र-रात्र चालणारे खेळ करणारे वादक, सोंगे काढणारे नट, प्रेक्षकांची नाडी ओळखणारे विनोदी पात्र आणि सामान चढवण्या-उतरवण्यापासून वीज जोडण्यापर्यंत सगळे सांभाळणारी माणसे या पार्ट्यांमध्ये असतात. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात मुखवटे करणारे आणि ठरावीक सोंग घराण्यात सांभाळणारे लोक आहेत. अशा माणसांना केवळ ‘लोककलावंत’ म्हणून उद्घाटनाला नाचायला बोलावू नका. त्यांना संगीत, रंगभूषा, व्यवस्था या जबाबदाऱ्या नावानिशी आणि मोबदल्यासह द्या, आणि मुलांना त्यांच्या हाताखाली शिकू द्या. भाषा भिली ठेवा. मराठी प्रेक्षकांसाठी एखादा निवेदक पुरेल. शहरातून दिवे लावणारा किंवा नेपथ्यकार हवाच असेल, तर त्याला रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी न आणता पहिल्या वाचनापासून बसवा, म्हणजे तो स्वतःची कल्पना लादण्याऐवजी मुलांना काय दाखवायचे आहे ते समजून घेईल. जाहिरातीत, पत्रिकेत आणि प्रयोगानंतरच्या ओळखीत सर्वांची नावे सारख्याच आकारात येतील, एवढे आधीच लिहून ठरवा. संहिता कोणाच्या नावावर राहील आणि पुढे दुसऱ्या कोणी प्रयोग मागितला तर परवानगी कोण देईल, हेही त्याच कागदावर असू द्या. हा करार मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या भाषेत, त्यांना वाचून दाखवून करावा.