शिमानोच्या हायड्रॉलिक सायकल ब्रेकमध्ये बाइकचं डॉट ४ ब्रेक ऑइल चालेल का? मुंबईत कोपऱ्यावर तेच मिळतं.

अजिबात घालू नका. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो या कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. डॉटने त्यांची रबरी सीलं फुगतात, मग दाबलेला लिव्हर परत येत नाही. सील गेलं की बहुतेकदा अख्खा ब्रेकच बदलावा लागतो.

होप आणि स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटचे. पण स्रॅमचंच डीबी८ हे मॉडेल मिनरलवालं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. लिव्हरजवळच्या टाकीच्या झाकणावर बहुतेकदा लिहिलेलं असतं, ते वाचा.

डॉटवाला असेल तर ४ किंवा ५.१ घ्या. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉन आहे (हे आकडे ज्याने ठरवले त्याला नमस्कार). डॉट हवेतली ओल पितं: ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल शोषल्यावर हीच हमी १५५ वर येते. आपल्याकडच्या जुलैत उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायचा कंजूसपणा नको, छोटीच घ्या. फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

तुमच्यासाठी शिमानोचंच मिनरल ऑइल. ऑनलाइन मागवा, तोवर लोकल ट्रेन आहेच.