मुख्यमंत्र्यांच्या दावोस दौऱ्याचा खान्देशाला काय फायदा?

सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या जागतिक आर्थिक मंचाच्या परिषदेत, महाराष्ट्राने सुमारे १५.७० लाख कोटींचे करार केले, पण कारखाना येतो तो जागा, पाणी, वीज, रस्ता बघून. त्यात धुळं कमी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग इथंच भेटतात, मनमाड-इंदूर रेल्वेलाही २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

मला विचाराल तर भाऊ, आपल्यासाठी आखाती देशांचा दौरा जास्त मोलाचा. रावेर-यावलची केळी तिकडे जाते, आणि जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. शीतगृहं, पॅकहाऊस आणि थेट खरेदीदार यांचे करार झाले, तर फरक शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीत, दिसेल. पुढच्या दौऱ्याआधी आमदारांकडे हीच मागणी लावून धरा.