इतिहासाच्या बाईंना विचारा : सिनेमातला पोप आणि क्युबाचा पेच

प्रश्न : बाई, परवा टीव्हीवर १९६८ सालचा एक इंग्रजी सिनेमा लागला होता. सैबेरियाच्या छावणीतून सुटलेला एक बिशप ध्यानीमनी नसताना पोप होतो. तिकडे चीनमध्ये दुष्काळ पडलेला, अणुयुद्ध तोंडावर आलेलं. आणि हा पोप भर चौकात जाहीर करतो की चर्चची सगळी संपत्ती भुकेल्यांसाठी देऊन टाकू. बायको म्हणाली, 'असं कुठं असतंय व्हय!' असं काही खरंच घडलं होतं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. संपत्ती वाटून टाकणारा पोप इतिहासात शोधायला जाऊ नका. पण कुणाच्या डोळ्यासमोर नसलेला माणूस त्या गादीवर बसला आणि चारच वर्षांत जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं, एवढं मात्र खरंच घडलं. सिनेमा येण्याच्या सहा वर्षं आधी, ऑक्टोबर १९६२ मध्ये. त्या पोपचं नाव तेविसावे जॉन. मूळचे आंजेलो रोंकाल्ली.

हे उत्तर इटलीतल्या बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते गावापासून सुरू करावं लागतं. रोंकाल्लींचं घराणं तिथे दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसत असे. तेरा भावंडं, त्यात हे चौथे, जन्म १८८१ चा. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात सार्जंट होते, नंतर सैनिकांचे धर्मगुरू झाले. १९२५ मध्ये रोमने त्यांना बल्गेरियात धाडलं. तिथे जवळजवळ दहा वर्षं आणि पुढे तुर्कस्तान-ग्रीसमध्ये आणखी दहा. आपल्या सरकारी भाषेत याला आडबाजूची बदली म्हणतात. तुर्कस्तानात तेव्हा धर्मगुरूंना रस्त्यावर धार्मिक पोशाख घालायला कायद्याने बंदी आली होती. बाकीचे युरोपीय पाद्री कुरकुरत होते. हे सूट आणि हॅट घालून इस्तंबूलच्या बाजारात फिरू लागले आणि देवळातल्या प्रार्थनेत तुर्की भाषेतली वाक्यं घेऊ लागले. महायुद्धात नाझींच्या तावडीतून निसटणाऱ्या ज्यूंना कागदपत्रं मिळवून द्यायचं कामही त्यांनी तिथूनच केलं. पुढे पॅरिस, मग व्हेनिस.

२८ ऑक्टोबर १९५८ रोजी अकराव्या फेरीत ते पोप निवडून आले तेव्हा सत्त्याहत्तरीला आले होते. मतं देणाऱ्यांचा हिशेब उघड होता : चार दिवस हे म्हातारबाबा गादी सांभाळतील, तोवर खरा माणूस शोधू. शिंप्याने आधीच तीन मापांचे पांढरे झगे शिवून ठेवले होते. रोंकाल्लींच्या पोटावर त्यातला एकही बसेना. शेवटी मागून उसवून, टाचण्या लावून त्यांना सज्जात उभं केलं. आमच्या वसईच्या घरी ओटीवर त्यांची तसबीर होती. आजी त्यांना सरळ 'जाडे पोप' म्हणायची आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

तीनच महिन्यांत या 'तात्पुरत्या' पोपनी जगभरच्या बिशपांची महासभा बोलावल्याचं जाहीर केलं. ती ११ ऑक्टोबर १९६२ ला भरली. त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी त्यांच्या पोटात कॅन्सर असल्याचं निदान केलं होतं. बाहेर कुणाला पत्ता नाही. आणि सभा सुरू होऊन पाच दिवस होतात न होतात तोच अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या टेबलावर क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो येऊन पडले.

पुढचं तुम्ही शाळेत शिकलाय. २२ तारखेला केनेडींचं भाषण, २४ ला क्युबाभोवती अमेरिकी आरमाराचा वेढा, समोरून येणारी सोव्हिएत जहाजं. त्याच दिवसांत अमेरिकेत अँडोव्हरला दोन्ही देशांतल्या लेखक-विचारवंतांची बैठक चालू होती. तिथे हजर असलेल्या फेलिक्स मॉर्लियन या डोमिनिकन संघाच्या फादरांनी रोमशी संपर्क साधला : पोप बोलले तर दोन्हीकडचे ऐकतील का? २५ ऑक्टोबरला व्हॅटिकन रेडिओवरून पोप फ्रेंचमध्ये बोलले. काही मिनिटांचंच निवेदन. मानवजात शांतीसाठी आक्रोश करते आहे, राज्यकर्त्यांनी त्या हाकेला कान बंद करू नयेत, वाटाघाटी करत राहाव्यात, एवढंच त्याचं सार. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या 'प्रावदा'ने ते पहिल्या पानावर छापलं. देव नाही असं अधिकृतपणे मानणाऱ्या पक्षाच्या मुखपत्रात, पहिल्या पानावर पोप!

ते छापलं गेलं याचं कारण माझ्या मते एकच. त्या निवेदनात कुणाचंही नाव नव्हतं. क्युबा नाही, अमेरिका नाही, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह नाहीत. 'चूक तुमची' असं कुणालाच म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे माघार घेणाऱ्याला 'मी घाबरलो' असं न म्हणता 'मी शांतता राखली' म्हणायची सोय झाली. तंटामुक्तीच्या बैठकीत बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे कळतं. सिनेमातल्या पोपसारखा भर चौकात मुकुट काढून ठेवायचा प्रसंग पडद्यावर छान दिसतो, पण रोंकाल्लींकडे होती ती वीस वर्षं परक्या मुलखात, परक्या धर्मीयांत राहून अंगात मुरलेली सवय. समोरच्याला कोपऱ्यात गाठायचं नाही, ही.

मात्र 'पोपनी तिसरं महायुद्ध थांबवलं' असं जे आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकवलं जातं, ते मी कधी सांगत नाही. पेच सुटला तो सौद्याने. २७ तारखेच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना खासगीत कबूल केलं की तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवू. (हो, तोच तुर्कस्तान, जिथे रोंकाल्ली सूट घालून फिरले होते.) त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं होतं. समुद्राखाली एका सोव्हिएत पाणबुडीत अण्वस्त्र सोडायची गोष्ट चालली होती आणि वासिली अर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने 'नाही' म्हटलं होतं. श्रेय वाटायचंच तर या अर्खिपोव्हचा वाटा मी पोपपेक्षा मोठा धरीन. माझ्या धर्मगुरूंना हे आवडत नाही, पण ते मासिक वाचतात आणि रागावत नाहीत.

२८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं परत नेत असल्याचं जाहीर केलं. पोपना गादीवर बसून त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. पुढच्या ११ एप्रिलला त्यांनी 'पाचेम इन तेर्रिस' हे शांतीविषयीचं परिपत्रक काढलं आणि ते फक्त कॅथलिकांना न लिहिता सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून लिहिलं. अण्वस्त्रांच्या काळात न्याय मिळवायला युद्ध हे साधन मानणं आता अक्कलेला धरून नाही, असा त्याचा सूर आहे. ३ जून १९६३ ला ते गेले.

प्रश्न : त्याच सिनेमाबद्दल. सैबेरियातला तो कैदी बिशप कुणावरून घेतला? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ती गोष्ट काल्पनिक, पण तसा माणूस होता. ल्विव्हचे युक्रेनी ग्रीक-कॅथलिक महागुरुस्वामी (आर्चबिशप) योसिफ स्लिपी. १९४५ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना पकडलं आणि जवळजवळ अठरा वर्षं तुरुंग आणि श्रमछावण्यांत ठेवलं. क्युबाचा पेच निवळल्यावर डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स मॉस्कोला ख्रुश्चेव्हना भेटले, तेव्हा पोपच्या वतीने त्यांनी स्लिपींच्या सुटकेचा विषय काढला. फेब्रुवारी १९६३ मध्ये स्लिपी रोममध्ये पोचले. पोप काही ते झाले नाहीत. १९६५ मध्ये कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) झाले, १९८४ मध्ये रोममध्येच वारले.

आणखी एक. १९६३ च्या मार्चमध्ये ख्रुश्चेव्हचे जावई अजुबेई आणि मुलगी रादा पोपना भेटायला व्हॅटिकनमध्ये आले. इटलीतल्या निवडणुका पुढच्याच महिन्यात होत्या, कम्युनिस्टांना याचा फायदा होईल म्हणून व्हॅटिकनमधलेच बरेच जण चडफडले. पोपनी रादाला जपमाळ दिली आणि मुलांची नावं विचारली. सिनेमावाल्यांनी हा प्रसंग घ्यायला हवा होता.

सिनेमातल्यासारखा पूर्व युरोपातला, स्लाव्ह वंशाचा पोप मात्र नंतर खरोखर झाला. सिनेमानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९७८ मध्ये, पोलंडचे व्होयतिवा, म्हणजे दुसरे जॉन पॉल. त्याआधीची साडेचारशे वर्षं पोप म्हणजे इटालियनच असायचा.

प्रश्न : क्युबाचं एवढं झालं तर आमच्या वडीलधाऱ्यांना ते आठवत कसं नाही? आणि पोपच्या निवडणुकीत भारतीयांना मत असतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : साताऱ्याहून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने लडाख आणि नेफामध्ये (आजचा अरुणाचल प्रदेश) हल्ला केला. जग क्युबाकडे बघत होतं आणि आपण हिमालयाकडे. दोन्ही पेच एकाच महिन्यात उभे राहिले. तुमच्याच जिल्ह्यातले यशवंतराव मुख्यमंत्रीपद सोडून संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले ते यातूनच. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे तुमच्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असेल. तेव्हा घरोघरी बाया अंगावरचं सोनं संरक्षण निधीला देत होत्या, त्यात क्युबा कुणाच्या लक्षात राहणार!

मताचं म्हणाल, तर मत कार्डिनलांना असतं (आता फक्त ऐंशीच्या आतल्यांना), देश कुठलाही असो. १९५८ मध्ये ५१ जणांनी मतदान केलं. हंगेरीचे मिंडसेंटी बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत आसऱ्याला होते आणि युगोस्लाव्हियाचे स्टेपिनाट्स नजरकैदेत, म्हणून ते दोघे येऊ शकले नाहीत. त्या ५१ जणांत एक भारतीय होता : मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, गोव्याच्या घराण्यातले, कराचीत जन्मलेले, १९५३ मध्ये भारतातले पहिले कार्डिनल झालेले. ते मत त्यांनी कुणाला दिलं हे विचारू नका. तिथे शपथ घेऊनच आत बसतात.