कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट-विमानं बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवशिक्याला झेपेल असं स्थिर विमान कसं बनवायचं?

तुमचं विमान रनवेवरच एका बाजूला ओढतं, उडालंच तर थोड्या वेळाने उलटतं, आणि मित्र म्हणतो मोठं इंजिन लाव, एसएएस (विमान आपोआप स्थिर धरणारी गेममधली सोय) ऑन ठेव. हाच सल्ला माझा मामेभाऊ, आमचा दादा, वर्षानुवर्षं सगळ्यांना देऊन राहिला, म्हणून लिहायला बसले.

मागच्या मे महिन्यात भाची सुट्टीला आमच्याकडे नागपूरला आली होती. नागपूरचा मे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, कूलरसमोर बसून गेम शिकवणं सुरू. दादाने तिला स्वतःचं विमान दिलं, पुढे कॉकपिट, त्याला लागून मार्क-१ ची इंधनटाकी, शेपटाला व्हीझली नावाचं जेट इंजिन. टाकी भरलेली तोवर मस्त उडे, पोरगी समुद्रावर चक्कर मारून यायची आणि दरवेळी परतीलाच नाक आपोआप वर जाऊन विमान गरगरत खाली. दादा म्हणे, हिचा हातच जड आहे. आठवीतली पोर ती, रडवेली झाली ना.

मला ते सहन झालं नाही. हँगरमध्ये, म्हणजे गेममध्ये विमान बांधतात तिथे, ते उघडलं, वजनाचा मध्य दाखवणारा पिवळा आणि लिफ्टचा, म्हणजे पंखांच्या उचलीचा मध्य दाखवणारा निळा असे दोन्ही गोळे ऑन केले, आणि टाकीवर राईट क्लिक करून इंधन शून्यावर ओढलं. पिवळा गोळा सरकत सरकत निळ्याच्या मागे गेला, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. ४०० युनिट इंधन, युनिटला ५ किलो, म्हणजे पुढचं २ टन वजन जळून गेलं आणि मागचं दीड टनाचं इंजिन तसंच लटकलेलं, मग विमान उलटणार नाही तर काय! पोरीच्या हाताचा काय संबंध?

मी टाकी मधोमध आणली, व्हीझली काढून पंखांखाली जुनो नावाची दोन छोटी इंजिनं लावली, पंख थोडे मागे घेतले. आता टाकी भरलेली असो की रिकामी, पिवळा गोळा निळ्याच्या जरासा पुढेच. भाचीने एसएएस बंद ठेवून उडवलं आणि रनवेच्या बाजूच्या गवतावर का होईना, धड उतरवलं. दादा म्हणाला, जुनोला स्पीड नाही. अरे, शिकणाऱ्याला स्पीड कशाला पाहिजे?

हां, तुमचं रनवेचं राहिलं. ते बहुतेक चाकांमुळे. पंखाला लावलेली चाकं वजनाने फाकतात, म्हणून बॉडीला लावा, आणि फिरवताना अ‍ॅब्सोल्यूट स्नॅप (कोन ठराविक टप्प्यांनी नेमका बसवणारी सेटिंग) घेऊन एकदम सरळ उभी करा. मागची चाकं पिवळ्या गोळ्याच्या किंचितच मागे, फार मागे नेली तर रनवे संपेल पण नाक उचलणार नाही. उभं शेपूट जितकं मागे तितकं बरं. आणि एलेव्हेटरला (शेपटाच्या आडव्या पट्ट्या) फक्त पिच, म्हणजे नाक वर-खाली करणं, ठेवा, एलेरॉनला (पंखांच्या टोकाच्या पट्ट्या) फक्त रोल, म्हणजे कुशीवर कलणं, बाकी राईट क्लिक करून बंद करा, नाहीतर एक बटण दाबलं की सगळंच हलतं.

निळा गोळा खूपच मागे गेला तर विमान वळवायला जड जातं, नाक सारखं खाली पडतं, तेवढं सांभाळा. आणि हे सगळं साध्या, हळू विमानाचं झालं, ऑर्बिटला जाणाऱ्या स्पेसप्लेनचा हिशोब वेगळा.

एसएएस वाईट नाही, मी पण वापरते. पण आधी कीबोर्डवरचं टी दाबून ते बंद करा, हात सोडा आणि बघा विमान सरळ जातं का. नाही गेलं तर हँगरमध्ये परत न्या, उडवणाऱ्याला बोलू नका. दादाने अजून एकदाही एसएएस बंद ठेवून स्वतःचं ते विमान उडवून दाखवलेलं नाही, दिवाळीला येतोय तेव्हा लॅपटॉप समोर ठेवणार आहे.