पाऊण तासाचं चालणं आणि चार मिनिटांचा जोर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रोज पहाटे पाऊण तास सपाट रस्त्यावर चालते. जावई म्हणतात, नुसत्या चालण्यानं काही होत नाही, इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा व्यायाम करा, हृदय कितीतरी पटीनं सुधारतं. माझं चालणं वाया गेलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, वाया काहीही गेलेलं नाही. जावईही खोटं सांगत नाहीत. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी २००७ साली हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या २७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७५. एका गटानं चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे आठवड्यातून तीनदा केले. बारा आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. मध्यम गतीनं सलग चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. पंचाहत्तरीतलं आजारी हृदय इतकं सावरतं, हे वाचून हृदयरुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला फार बळ मिळालं.

पण तुलनेसाठीचा गट धरून २७ जणांचे तीन गट केले की एका गटात उरतात नऊ. २०१७ मध्ये युरोपातल्या नऊ केंद्रांमधल्या २६१ रुग्णांचे निष्कर्ष आले, तेव्हा जोराचा व्यायाम मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. जोराच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ठरलेला जोर गाठताच आला नव्हता, आणि मध्यम गटातले बहुतेक जण ठरल्यापेक्षा जोरात व्यायाम करत होते! रोज माणसांसोबत काम करताना मलाही हेच दिसतं. शिवाय हे हृदय कमजोर झालेले रुग्ण होते. तुमच्या हृदयाची ताकद किती, ते तुमच्या टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात पाहावं लागेल.

तेव्हा चालणं चालूच ठेवा. जोर वाढवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटून ट्रेडमिल टेस्टबद्दल विचारा. व्यायामाची मर्यादा ठरवायची असेल तर नेहमीची औषधं चालू असतानाचे आकडे उपयोगी पडतात, हेही त्यांच्याशी बोलून घ्या. तुम्हाला मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी फारशी वाढत नाही. मग नाडीची कमाल गती काढायचा, २२० मधून वय वजा करण्याचा हिशेब तुमच्यासाठी चुकीचा ठरतो, घड्याळावर कितीही आकडे दिसोत.

त्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. डॉक्टरांनी होकार दिला की पहिली दहा मिनिटं नेहमीसारखं चाला, मग एक मिनिट झपझप, दोन मिनिटं सावकाश. झपझप चालताना दोन-तीन शब्द बोलता यावेत, सलग वाक्य नाही. सावकाश चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. सुरुवातीला असे तीन-चार फेरे पुरेत. शेवटी एकदम थांबू नका, पाच-सात मिनिटं हळूहळू चाला. अजिंक्यताऱ्याचा चढ एवढ्यात नको. तिथं जोर आपोआप वाढतो, आणि मध्ये सपाटी मिळेलच असं नाही.

छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणं, यांतलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बसल्यावरही दुखणं गेलं नाही, तर कोणाची वाट न पाहता १०८ ला फोन करा.